पाऊण मिनिटाचं काय करायचं?

निकाल अडला तो नववीतल्या एका मुलीवरून. बालकवींची ‘औदुंबर’ म्हणून ती पाऊण मिनिटात खाली उतरली होती. एका परीक्षकाने तिला 50 पैकी 44 गुण दिले होते, दुसऱ्याने 23. बेरजेचं काम माझ्याकडे होतं. एवढी तफावत दिसल्यावर दोन्ही कागद त्या दोघांपुढे सरकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

जळगावातली आंतरशालेय काव्यवाचन स्पर्धा. 27 फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या मागेपुढे शाळाशाळांतून जे कार्यक्रम होतात त्यांतलाच हा एक. दहावीची मुलं बोर्डाच्या धास्तीने फिरकत नाहीत, त्यामुळे स्पर्धक सगळे आठवी-नववीचे. पाठ केलेली एक कविता, वेळ 3 ते 5 मिनिटं आणि गुणपत्रकावर पाच रकाने : पाठांतर, उच्चार, आशयाची समज, हावभाव, एकूण परिणाम. प्रत्येकाला 10 गुण.

परीक्षकांतल्या एक बाई. उभा जन्म माध्यमिक शाळेत मराठी शिकवलेल्या, वृत्त कानाने ओळखणाऱ्या. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी. तो आता बालनाट्य शिबिरं घेतो, एकांकिका बसवतो. गावभरची पोरं त्याला दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. बाई त्याला अरे-तुरे करतात, त्याच्या तोंडून ‘अहो बाई’ सुटत नाही, आणि भांडण मात्र अगदी बरोबरीचं. खाली सभागृहात पालकांची चुळबुळ चाललेली. वर मुख्याध्यापकांच्या खोलीत आमचे तीन चहा निवत चाललेले.

बाई : तेवीस? अरे, एक काना-मात्रा चुकली नाही ती मुलगी.

दादा : म्हणून तर पाठांतराला दहा दिलेत. उच्चाराला आठ. समज दोन, एकूण परिणाम दोन.

बाई : आणि हावभावाला एक.

दादा : तोही मंचावर चालत आली म्हणून. दोन्ही हात शिवणीला लावून उभी राहिली, समोरच्या भिंतीकडे बघून म्हटली आणि गेली. मागच्या बाकावरच्यांना कळलंसुद्धा नाही की कविता झाली. टाळ्या किती उशिरा आल्या, ऐकलंत ना?

बाई : उशिरा आल्या हे चांगलंच की. आणि माझ्याकडून हावभावाला पाच आहेत. सगळ्यांनाच पाच आहेत. त्या रकान्यावर माझा विश्वास नाही.

(मी तपासून पाहिलं. खरंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या उभ्या रकान्यात बाईंनी पाचाशिवाय काही लिहिलंच नव्हतं.)

दादा : म्हणजे तुम्ही तो रकाना बंदच करून टाकलात. हे बरोबर नाही, बाई. मुलांनी महिनाभर मेहनत केलेली असते.

बाई : कशावर? आज ‘कणा’ किती जणांनी म्हटली?

दादा : चौघांनी.

बाई : त्यांतल्या तिघांनी एकाच ओळीनंतर एकच उसासा टाकला. तसाच लांब, तसाच मान डावीकडे वळवून. शाळा तीन, गावं तीन, उसासा एक. हा काय प्रकार?

दादा : व्हिडिओ. एका नटाने म्हटलेली ‘कणा’ फिरतेय मोबाईलवर. पालक तो लावून देतात, मूल तसंच्या तसं बसवतं. बाई, त्याला मी अभिनय म्हणतच नाही. ती नक्कल. त्या तिघांनाही मी हावभावात तीनच्या वर नेलेलं नाही, बघा हवं तर.

बघितलं. तीन, तीन, दोन. एवढ्यापुरतं दोघांचं एकमत होतं आणि ते त्यांना आवडलेलं दिसत नव्हतं.

बाई : मग असला रकाना ठेवायचाच कशाला, जो नकलेला आमंत्रण देतो? आवाज, शब्द, लय. कविता एवढ्यातच असते. हात हलवून तिच्यात भर पडत नाही.

दादा : हे तुम्ही म्हणू शकता, कारण तुम्हाला कविता आधीपासून येते. माझं सांगू? तुमच्या वर्गात मी तीन वर्षं कविता म्हटल्या. खड्या आवाजात, चालीवर, सगळ्या वर्गाबरोबर. कळली एकही नाही. पुढे नाटकात गेलो तेव्हा पहिल्याच तालमीला दिग्दर्शकाने विचारलं, हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय? का म्हणतंय? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मुलांना तेवढंच विचारतो. ‘कणा’त कोण बोलतंय? पुरात संसार वाहून गेलेला एक तरुण. कोणाशी? त्याच्या जुन्या सरांशी. काय हवंय त्याला? एवढं कळलं की हात आपोआप हलतो, नाहीतर आपोआप थांबतो.

बाई : चालीवर म्हणण्याला नावं ठेवू नकोस. चालीने तुमच्या पिढीला निदान पाठ तरी झालं.

दादा : पाठ झालं, बाई, पण कसं? आज त्या आठवीतल्या मुलाने ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ म्हटली. पृथ्वी सूर्याशी बोलतेय. चंद्र, शुक्र, मंगळ, सगळ्यांना तिने झिडकारलंय. एवढी मानी, एवढी पेटलेली बाई! आणि त्याने ती म्हटली मनाच्या श्लोकांच्या चालीवर. डोळे मिटले असते तर दिवेलागणी झाली असं वाटलं असतं. देवापुढे बसून शुभंकरोतीनंतर म्हणतात तशी.

हसू मलाही आलं, कारण वर्णन तंतोतंत होतं. पण इथे बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या वर्गात बसलेल्यांना याचा अर्थ कळतो. दादा सरसावून बसला.

बाई : त्या मुलाची चाल चुकलेली नाही. ती अर्धी बरोबर आहे. मनाचे श्लोक कोणत्या वृत्तात?

दादा : भुजंगप्रयात.

बाई : लक्षण?

दादा : चार य गण. लघु, गुरू, गुरू... असं चारदा. बारा अक्षरं.

बाई : आहे म्हणजे लक्षात. रामदासांचे 205 श्लोक आहेत आणि चारही ओळी बाराच्या. आता ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ची पहिली ओळ मोज. मनातल्या मनात.

(दादाने बोटांची पेरं मोजली.)

दादा : बारा. तोच क्रम.

बाई : दुसरी?

दादा : ...अकरा.

बाई : तिसरी बारा, चौथी पुन्हा अकरा. कवितेभर असंच. कुसुमाग्रजांनी रामदासांचंच वृत्त घेतलं आणि दर दुसऱ्या ओळीतलं शेवटचं गुरू अक्षर काढून घेतलं. तिथे एक जागा मोकळी पडते. त्या पोराला मनाचे श्लोक पाठ, त्यामुळे त्याच्या जिभेला बाराव्याची सवय. मोकळी जागा दिसली की तो अकरावं अक्षर ताणून ती भरून काढत होता. म्हणून तुला प्रार्थना ऐकू आली. तीच जागा त्याने मोकळी सोडली असती, तर पृथ्वी बोलता बोलता थबकतेय असं वाटलं असतं. दर दुसऱ्या ओळीला.

दादा काही क्षण टेबलावर बोटाने ठोके देत राहिला. लघु, गुरू, गुरू. शेवटी एक ठोका गाळला. पुन्हा दिला, पुन्हा गाळला.

दादा : बाई, हे तुम्ही वर्गात का नाही सांगितलंत?

बाई : सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

दादा : असेल. पण मग ही माझ्याच बाजूची गोष्ट झाली की. कुठे थांबायचं ते कवीने लिहून ठेवलंय, नटाने ते शोधायचं. मी याहून वेगळं काय म्हणतोय?

बाई : तू ते हातवाऱ्यांत शोधतोस, मी अक्षरांत.

दादा : सापडल्याशी कारण.

इथे खरं तर समेट व्हायला हरकत नव्हती. पण ‘औदुंबर’चा कागद समोर होता, आणि त्या कवितेला ही किल्ली लागत नाही. ते आधी बाईंच्या लक्षात आलं.

बाई : बरं, तुझाच प्रश्न घे. कोण कोणाला म्हणतंय? ‘कणा’त विद्यार्थी सरांना. ‘पृथ्वीचे प्रेमगीत’मध्ये पृथ्वी सूर्याला. ‘कोलंबसचे गर्वगीत’मध्ये कोलंबस समुद्राला. आता सांग, ‘औदुंबर’ कोण कोणाला म्हणतंय?

दादा : कवी... वाचकाला?

बाई : कुठे म्हणतोय? आठ ओळी आहेत. झरा आहे, गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, डोह आहे. कोणी बोलत नाही, कोणी ऐकत नाही. ज्याच्या नावाची कविता ते झाड शेवटच्या ओळीत येतं, तेही शेवटच्या शब्दाला. आणि ते काय करतं? नुसतं बसलेलं असतं. आता या कवितेत तू त्या मुलीला काय करायला सांगणार होतास? झाडासारखी बस म्हणून?

दादा : नाही, पण एक भाव धरायला सांगितला असता. ते झाड उदास आहे की निवांत? काही तरी एक ठरवून म्हण. तिने ठरवलंच नव्हतं. सपाट.

बाई : अरे, तो औदुंबर खिन्न आहे की समाधिस्थ की पाण्यात पाय सोडून बसलेलं एखादं पोर, यावर समीक्षकांच्या दोन-तीन पिढ्या वाद घालत आल्या. त्यांचं ठरलं नाही. नववीतल्या मुलीने पाऊण मिनिटात ठरवायचं?

दादा : मान्य. पण मला सांगा, न ठरवणं आणि न कळणं यातला फरक खाली बसून मला कसा कळावा? दोन्ही सारखंच ऐकू येतं.

प्रश्न बिनतोड होता. काव्यवाचनाच्या कुठल्याही गुणपत्रकावर ‘आशयाची समज’ नावाचा रकाना असतो आणि परीक्षक तो अंदाजपंचे भरतो, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला.

बाई : थांबण्यावरून. ही कविता दोन-दोन ओळींच्या यमकांनी बांधलेली आहे. न कळलेलं मूल यमकाला थांबतं, म्हणजे दर दोन ओळींनी, पाळण्यासारखं. शेवटच्या दोन ओळी तर ते एका दमात म्हणतं आणि आवाज खाली टाकतं, संपली म्हणून. ही मुलगी सातव्या ओळीनंतर थांबली. यमक अर्धं टांगून ठेवून. डोह होऊन गेला, आता त्यात कोण आहे ते यायचंय, तिथे थांबली. फार नाही, श्वासभर. मग शेवटची ओळ म्हणून गप्प झाली.

दादा : श्वास लागला असेल तिला.

बाई : लागला असेल. मी दहा दिलेत.

इथे माझं मत नोंदवून टाकतो, कारण बेरीज करणाऱ्याला एरवी कोणी मत विचारत नाही. दादाची रीत चांगली आहे, पण ती ज्या कवितांना लागू पडते त्याच कविता आता शाळेच्या मंचावर उरल्या आहेत, आणि हे दादाच्याही लक्षात आलेलं नाही. या स्पर्धेची गेल्या काही वर्षांची यादी काढली तर तीच पाच-सात नावं फिरून येतात, आणि त्या प्रत्येक कवितेत कोणीतरी कोणाला तरी उद्देशून बोलत असतं. कुसुमाग्रजांच्या कविता अशा ठिकाणी जोरात चालतात त्यात नवल नाही. ते शिरवाडकरही होते. ‘नटसम्राट’ लिहिणाऱ्या हाताला भाषण कळतं. 1942 च्या ‘विशाखा’तच त्यांनी समुद्राशी बोलणारा कोलंबस आणि सूर्याशी बोलणारी पृथ्वी उभी केली होती. पण ज्या कवितेत कोणीच कोणाला काही म्हणत नाही ती या मंचावर चढत नाही. बालकवी नाहीत, इंदिरा संत नाहीत, मर्ढेकर नाहीत, ग्रेस तर नाहीतच. त्यांना कोणी बंदी घातलेली नाही. हावभावांचा रकाना आणि तीन मिनिटांची अट, दोघांनी मिळून हे काम गाजावाजा न करता केलं आहे.

मी यातलं थोडंसं बोललो. दादाने ते ऐकून घेतलं आणि खिशातून मोबाईल काढला.

दादा : अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांची एक स्पर्धा आहे, ‘पोएट्री आउट लाउड’. सरकारी कलानिधी आणि पोएट्री फाउंडेशन मिळून चालवतात, 2005-06 च्या सुमारास सुरू झाली. नववी ते बारावी. शाळेपासून राज्यापर्यंत आणि तिथून राष्ट्रीय फेरीपर्यंत जायचं. शेवटी पहिल्या नंबराला 20,000 डॉलर.

बाई : वीस हजार डॉलर! आपण शंभर पानी वह्या देतो.

दादा : शंभर पानी वही आणि ढाल. बरं, तर त्यांचे गुणांचे निकष मी मागे वाचले होते. शरीराचा वावर आहे त्यांच्यातही. म्हणजे माझा रकाना तिकडेही आहे.

बाई : पुढे वाच.

दादा : वेशभूषा, वस्तू, संगीत काही चालत नाही. आणि नाट्यमयतेच्या रकान्यात... (थांबून) कवितेला शोभेल इतकीच. जास्त केलं की गुण जातात.

बाई : तरी म्हटलं, तू थांबलास का.

दादा : अचूकतेसाठी वेगळा परीक्षक असतो, छापील कविता हातात धरून बसलेला. बाकीच्यांनी त्यात लक्ष घालायचं नाही. हे मात्र घेण्यासारखं आहे. आपण दोघंही निम्मा वेळ पुस्तकात बघत होतो.

बाई : ते खरं. आणि कविता कोण निवडतं? व्हिडिओ?

दादा : नाही. त्यांचा स्वतःचा संग्रह आहे, शेकडो कवितांचा. त्यातूनच निवडायची. वरच्या फेऱ्यांना तीन कविता लागतात. त्यांतली एक विसाव्या शतकाच्या आधीची हवी, आणि एक... (पुन्हा थांबला) पंचवीस ओळींची किंवा त्याहून लहान.

बाईंनी चष्मा परत घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की वीस हजार डॉलर त्यांनाच मिळाले असावेत.

बाई : म्हणजे छोटी कविता म्हणायची तिकडे सक्ती, आणि आपण इथे तिच्यावर घड्याळ लावून बसलोय. वेळेच्या अटीवर तू तिचे गुण कापलेस ना?

दादा : समजेचे आणि परिणामाचे कापले.

बाई : मनात घड्याळ ठेवून.

यावर तो काही बोलला नाही. त्याने निवलेला चहा एका घोटात संपवला आणि दुसरंच प्रकरण काढलं. मला वाटतं, संध्याकाळभर तो ते दाबून बसला होता.

दादा : तुमचाही एक कागद दाखवतो. ‘कणा’ म्हणणारा चौथा. उसासा न टाकणारा. त्याला उच्चाराला पाच?

बाई : न आणि ण. तो ‘कना’ म्हणाला. अरे, कवितेच्या नावातच ण आहे. शेवटी सगळी कविता ज्या शब्दावर उभी राहते तोच मोडला, तर पाच तरी का दिले असं मला वाटतंय.

दादा : पण बहिणाबाई म्हणणाऱ्याला तुम्ही दहा दिलेत. तो डोळ्यांना डोये म्हणाला.

बाई : बहिणाबाईंनीच तसं म्हटलंय! ती बोली आहे कवितेची. आसोद्याची बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर म्हणत राहिली. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं म्हणून ते राहिलं. 1951 च्या डिसेंबरमध्ये गेली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. तिच्या हयातीत ते सगळं तोंडातच होतं. तिला प्रमाण उच्चार लावणं हाच प्रमाद. त्या शहरातल्या मुलीने डोये सुधारून डोळे केलं, तिला मी चार दिलेत.

दादा : दोन्ही मुलं एकाच भागातली. कदाचित एकाच गल्लीतली. एकाचं तोंड बहिणाबाईला चालतं आणि दुसऱ्याचं तेच तोंड कुसुमाग्रजांना चालत नाही?

बाई : कुसुमाग्रजांनी ण लिहिलाय.

दादा : लिहिलाय. आता माझा प्रश्न विचारू? ‘कणा’त कोण बोलतंय? ज्याच्या घरात नदी शिरली, ज्याचं होतं नव्हतं ते गेलं, जो बायकोला बरोबर घेऊन चिखल उपसतोय, भिंत बांधतोय. तो माणूस जळगावच्या बाजूचा असेल तर ण म्हणेल?

बाई : कवितेतला माणूस जळगावचा नाही.

दादा : नाशिकचाही आहे असं कुठे लिहिलंय? बाई, त्या चार मुलांत ‘कणा’ त्याचीच खरी वाटली मला. बाकीचे तिघं नट होते. हा सरांशी बोलत होता. न म्हणत होता म्हणून नाही, पण न म्हणत असूनही नाही.

खोलीत पंखा फिरत होता तेवढाच आवाज. बाईंनी तो कागद उचलला, त्या मुलाच्या ओळीवर बोट ठेवलं. पाच खोडून सहा केले. मग आठ केले. मग पुन्हा पेन टेकवलं.

बाई : आठ. याच्या पुढे मी जाणार नाही. माझ्या कानाला लागतं ते लागतंच. मुलांना ण शिकवण्यात माझी तीस-पस्तीस वर्षं गेली रे.

दादा : आठ पुरे.

बाई : आणि औदुंबरचं?

दादा : तेवढ्यासाठी आठ दिलेत होय!

बाई : अजिबात नाही. पण विचारतेय.

दादाने उत्तर टाळण्यासाठी म्हणा किंवा खरंच हवं म्हणून म्हणा, मला खाली पाठवलं : त्या मुलीच्या शाळेच्या शिक्षिका असतील तर विचारा, ही कविता कोणी बसवून घेतली. मी जाऊन विचारून आलो. बसवून कोणीच घेतली नव्हती. स्पर्धेला येणारी मुलगी तापाने आजारी पडली. नाव तर दिलेलं, जागा फुकट जायला नको म्हणून त्या शिक्षिकांनी वर्गात विचारलं, कोणाला एखादी कविता पाठ आहे का? हिने हात वर केला. आजीच्या तोंडून ऐकून हिला ही एकच येत होती. ती इकडे आली तेव्हा वेळेची अट तिला माहीतच नव्हती.

दादा : बघा! म्हणजे सातव्या ओळीनंतरचा तुमचा तो थांबा बिंबा काही नाही. ना तालीम, ना विचार. आजी थांबत असेल तिथे थांबली.

बाई : आजी का थांबत असेल?

दादा : दम लागत असेल म्हातारीला!

बाई : असू दे. मी ऐकलं त्याला गुण देते, कसं आलं त्याला नाही. तूही मघाशी त्या पोराच्या ‘कना’त खरेपणा ऐकलासच की. त्याने तरी कुठे विचार करून न म्हटला होता?

दादा हसला. हरल्यावर हसतो तसा नव्हे. समोरच्याने आपलंच हत्यार उचललं की हसतो तसा. त्याने समजेचे दोनाचे सहा केले, परिणामाचे दोनाचे पाच. हावभावाचा एक तसाच ठेवला.

दादा : तो एक राहील. हात शिवणीला लावून उभं राहणं हा हावभाव नव्हे.

बाई : याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं होतं, महाराष्ट्रातलं पहिलं. अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर. पेशाने वैद्यकातले, वनस्पतींचे मोठे जाणकार. त्यांच्यापुढे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा धरणगावात जन्मलेला सोळा वर्षांचा मुलगा उभा राहिला. आपल्या स्पर्धकांहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. त्याची कविता ऐकून अध्यक्षांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. तेव्हापासून तो बालकवी.

दादा : आणि हावभावाला किती दिले?

बाई : रकाना नव्हता.

दादा : कविता त्याची स्वतःची होती, बाई. स्वतःची कविता म्हणणाऱ्याला हात कुठे ठेवायचे हा प्रश्नच पडत नाही. दुसऱ्याची म्हणायची झाली की पडतो. वसंत बापट सेवा दलाच्या कलापथकातून आले होते. विंदा, पाडगावकर आणि बापट हे तिघं कार्यक्रमाला बसले की सभागृह गच्च भरायचं, ते काय फक्त वृत्तामुळे?

बाई : तिघांना ऐकलंय मी. आवाज तिघांचे तीन तऱ्हेचे, पण पोर असो की म्हातारं, समोरच्याला प्रत्येक शब्द पोचायचा.

दादा : पोचायचा ना? मी दुसरं काय मागतोय त्या मुलीकडून? मागच्या बाकाला पोचू दे. बस.

बाई यावर काही म्हणणार होत्या, पण खालून निरोप आला की प्रमुख पाहुण्यांना गाडी गाठायची आहे. मी बेरजा पक्क्या केल्या. बहिणाबाई म्हणणारा मुलगा पहिला. त्याच्याबद्दल दोघांत सुरुवातीपासून वाद नव्हता. ‘कना’ म्हणणारा दुसरा. ‘पृथ्वीचे प्रेमगीत’वाला आणि ‘औदुंबर’वाली यांच्यात दीड गुणाचा फरक पडला, तो मुलाच्या बाजूने, पाठांतर, वेळ, खडा आवाज सगळं त्याच्याकडे होतं. मुलीला उत्तेजनार्थ. बाईंनी यादीवर सही केली, पण नेहमीपेक्षा लहान अक्षरात.

जिना उतरताना पुढच्या वर्षीच्या पत्रकावरून जुंपली. वेळेची खालची अट काढायची, यावर दोघं एका पायरीत एक झाले. प्रत्येक शाळेने दोन मुलं पाठवायची आणि त्यांतल्या एकाची कविता बारा ओळींच्या आतली हवी, ही बाईंची सूचना दादाने मान्य केली. बोलीतल्या कवितेला बोलीचा उच्चार आणि इतर कवितांना न-ण वरून गुण कापायचे नाहीत, ही दादाची सूचना बाईंनी पुढच्या सभेवर ढकलली. वेशभूषा बंद करायचं ठरलं. छापील कविता हातात घेऊन बसणारा तिसरा माणूस हवा, आणि तो मीच, हे मला न विचारता ठरलं.

‘व्हिडिओवरून बसवलेली कविता चालणार नाही’ असं एक कलम दादाला हवं होतं.

बाई : आणि ओळखणार कसं?

दादा : उसाशावरून.

बाई : मुलं हुशार असतात, बाबा. पुढच्या वर्षी उसासा गाळून नक्कल करतील.

दादा : तेवढं केलं तरी खूप झालं की! बरं, हावभावाच्या रकान्याचं काय करायचं? दहाचे पाच करू?

बाई : पाचाचे शून्य कर.

दादा : पाच.

बाई : दोन. आणि ते दोन मी सगळ्यांना देणार.